चौथा रकाना

मागच्या शनिवारी सकाळी चहाचा दुसरा कप घेऊन निवांत बसलो होतो, तेवढ्यात गावाहून चुलत भावाचा मेसेज आला. मे महिन्यातल्या क्रिकेट स्पर्धेचा फॉर्म, आणि खाली एक ओळ. "दादा, टीमच्या टी-शर्टचं तू बघशील ना?"

टी-शर्टचं बघायचं म्हणजे पंचवीस हजार रुपये पाठवायचे. त्या बदल्यात पंधरा पोरांच्या पाठीवर 'सौजन्य' म्हणून माझं नाव. आयटीत नोकरी करणाऱ्या प्रत्येक कोकणी माणसाला असा मेसेज वर्षातून एकदा येतोच. कधी मंदिराच्या पत्र्यासाठी, कधी नमनाच्या पडद्यासाठी, कधी क्रिकेटसाठी. मी क्रिकेटला कधी नाही म्हटलेलं नाही. आत्ताही 'हो' टाइप करून झालं होतं. पाठवण्याआधी सहज फॉर्म उघडला.

पहिला रकाना, नाव. दुसरा, मोबाइल नंबर. तिसरा, टी-शर्टचा साइझ. आणि चौथा, जात.

अर्थात असं उघड लिहिलेलं नव्हतं. एवढे आपण अडाणी राहिलेलो नाही. लिहिलं होतं, 'खेळाडू आपल्या समाजाचा असल्याचा पुरावा. शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स जोडावी.' स्पर्धेच्या नावात समाजाचं नाव, त्यापुढे 'प्रीमियर लीग'. आठ संघ, खेळाडूंचा लिलाव, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. सगळं कसं एकदम प्रोफेशनल.

माझी जात कुठली ते मुद्दाम लिहीत नाही. ती कळली की तुम्ही मी काय म्हणतोय ते सोडून मी कुठून बोलतोय त्याचा हिशेब मांडायला लागाल. नेमका तोच तर आजचा विषय आहे.

आमचं गाव जयगड. रत्नागिरीहून साधारण ४५ किलोमीटर. शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते त्या खाडीच्या तोंडावर. किल्ला आहे, दीपगृह आहे, खाडी ओलांडून तवसाळला नेणारी फेरीबोट आहे. २००९ साली इथलं नवीन बंदर सुरू झालं, मागोमाग १२०० मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प आला. आता सड्यावर कुठेही उभे राहा, चिमणी दिसतेच. आमच्या लहानपणी तिथे नुसता कातळ आणि करवंदाच्या जाळ्या होत्या.

मैदान असं आम्हाला नव्हतंच. भात कापून झालं की शेत हेच मैदान. मार्चनंतर बांध थोडे सपाट करायचे, ढेकळं फोडायची, पाणी मारून पिच चोपून घ्यायचं. टेनिस बॉल वर्गणीतून. बॅट एकच. ज्याची बॅट तो ओपनिंगला, हा आयसीसीच्या कुठल्याही नियमाहून पक्का नियम. आणि मे महिना लागला की मुंबईहून चाकरमानी यायचे, मग खरी मजा. मुंबईकर विरुद्ध गाववाले ही मॅच आम्हाला भारत-पाकिस्तानच्या जागी होती.

त्या टीममध्ये कोण असायचं? जो खेळेल तो. आमचा सगळ्यात फास्ट बोलर मोहल्ल्यातला होता, त्याच्या वडिलांची होडी होती. पहाटे जाळं ओढून आलेल्या खांद्याने तो दुपारी बोलिंग टाकायचा, आणि काय टाकायचा! विकेटकीपर बौद्धवाडीतला. तो नंतर पोलिसात गेला. अंपायर म्हणून शाळेतले सर, ज्यांच्या निर्णयाविरुद्ध ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. टीमचं नाव गावाचं होतं. शेजारच्या गावाशी हरलो तर सगळा गाव हरायचा.

थांबा. हे वाचून 'अहाहा, काय ते दिवस' असं वाटायला लागलं असेल तर तिथेच ब्रेक मारा. अर्धवट आठवणी फार गोड असतात. पुढचा अर्धा भाग मी थोड्या वेळाने सांगणार आहे, आणि तो माझ्याच विरोधात जातो.

तर फॉर्म. मी भावाला फोन केला. म्हटलं, "हा चौथा रकाना कशाला?"

"अरे दादा, सगळ्याच समाजांच्या असतात आता. आपलीच नव्हती. आपण काय कमी आहोत का?"

"आणि आपल्या टीमचा तो स्पिनर? तो यात बसत नाही."

"त्यांची वेगळी लीग आहे ना! तो तिकडे खेळतो. तू खेळात राजकारण आणू नकोस."

खेळात राजकारण आणू नकोस! हे वाक्य मी आजवर शंभर वेळा ऐकलं असेल, बऱ्याचदा मी स्वतः म्हटलंही असेल. पण झेरॉक्स तो मागतोय आणि राजकारण मी आणतोय, हे लॉजिक माझ्या कंपायलरमध्ये काही केल्या पास होईना.

शाळेत आपण सगळ्यांनी निबंध लिहिलाय, खेळ हा समाजाचा आरसा आहे. दहापैकी सात मार्क नक्की. पण ही आरशाची उपमा अर्धीच खरी आहे. आरसा समोर आहे ते दाखवतो, स्वतः काही करत नाही. मैदान करतं. बारा वर्षांच्या पोराला कोणाला 'आपला' म्हणायचं आणि कोणाविरुद्ध ओरडायचं हे मैदान शिकवतं. ते पोरगं तेच घेऊन घरी येतं, शाळेत जातं, पुढे मतदानाला जातं. म्हणून स्पर्धेचा सगळ्यात महत्त्वाचा कागद कुठला, तर स्कोअरशीट नव्हे, एन्ट्री फॉर्म. आमच्या धंद्यातही तेच आहे. सिस्टिम कशी आहे ते तिच्या जाहिरातीवरून कळत नाही, लॉगिनला ती काय विचारते त्यावरून कळतं.

आणि हा फॉर्म काही नवीन नाही. महाराष्ट्रात तो सव्वाशे वर्षं जुना आहे.

मुंबईत १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी अशी प्रेसिडेन्सी मॅच व्हायची. १९०७ साली त्यात हिंदूंचा संघ आला आणि तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला, चौरंगी झाले. १९३७ साली पाचवा संघ आला आणि पंचरंगी झाले. आपल्या क्रिकेटची पहिली मोठी लीग म्हणजे चक्क 'समाज प्रीमियर लीग'च होती.

आता त्या हिंदू संघाचा सर्वोत्तम बोलर कोण? पालवणकर बाळू. हे नाव कोकणातल्या पोरांना माहीत नसतं याची मला लाज वाटते. मलाही नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. जन्म १८७६, धारवाडचा. वडील सैन्यात नोकरीला. जात चांभार, म्हणजे त्या काळी अस्पृश्य. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात पिचवर रोलर फिरवायचं, नेट लावायचं काम हा करायचा. फावल्या वेळात गोऱ्या साहेबांना सरावासाठी बोलिंग टाकायची. डावखुरा स्पिनर. असं सांगतात, की कॅप्टन ग्रेग नावाचा नावाजलेला बॅट्समन त्याला दर विकेटमागे आठ आणे द्यायचा. बॅट मात्र त्याच्या हातात कोणी दिली नाही. बोलिंग म्हणजे कष्टाचं काम, ते याने करावं. बॅटिंग साहेबांनी.

हे लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बराच खल होऊन बाळूला संघात घेतलं. मैदानावर सगळे एकच चेंडू हातात घ्यायचे. चहाची वेळ झाली की बाकीच्यांना आत चिनी मातीचे कप आणि बाळूला बाहेर, साध्या मातीच्या भांड्यात. जेवायलाही वेगळं पान. म्हणजे चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे! याच्याबरोबर खेळता तर याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, असं न्यायमूर्ती रानड्यांनी तेव्हा पुणेकरांना सुनावलं होतं.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ रन्सनी हरवलं. त्या संघात बाळू होता, त्याचा भाऊ शिवरामही होता. १९११ साली पटियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला 'ऑल इंडिया' संघ इंग्लंडला गेला. तिथे बाळूने ११४ विकेट घेतल्या, पस्तिशीत, तेही दुखऱ्या खांद्याने. संघाची बाकी कामगिरी सुमार होती.

अशा माणसाला कॅप्टन कधी केलं? कधीच नाही.

इथे आपल्याकडचे 'खेळामुळे समाज आपोआप सुधारतो' म्हणणारे लोक पुढची गोष्ट सांगतात. धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचा कॅप्टन झाला आणि त्याच्या हाताखाली हिंदू संघ जिंकला. बघा, झालं की नाही! झालं, पण आपोआप नाही झालं. १९२० साली कॅप्टनपदावरून डावललं गेलं म्हणून विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली, जाहीरपणे निषेध केला, वर्तमानपत्रांत वाद झाला. बाहेर देशात अस्पृश्यतेविरुद्ध वातावरण तापत होतं, त्याचा रेटा होता. म्हणजे 'खेळात राजकारण' आणलं, तेव्हा कुठे दार उघडलं. खेळाने दाराची कडी वाजवायला हात दिला, एवढं श्रेय खेळाला नक्की द्यायचं. कडी आतून काढली ती भांडणाने.

आणि खेळाडू राजकारणापासून लांब राहतात हेही खोटं. हाच बाळू १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे उभा राहिला. कोणाविरुद्ध? डॉ. आंबेडकरांविरुद्ध! १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी हरला. काँग्रेसने त्याला उभं केलं त्यात त्याच्या क्रिकेटमधल्या नावाचा वाटा नव्हता असं कोण म्हणेल?

आता तो १९३७ सालचा पाचवा संघ. त्याचं नाव काय होतं माहितीये? 'द रेस्ट'. मराठीत सांगायचं तर 'इतर'. ख्रिश्चन, अँग्लो-इंडियन, ज्यू वगैरे, म्हणजे चार रकान्यांत जे बसले नाहीत ते. आपण फॉर्ममध्ये शेवटी 'इतर' असा पर्याय ठेवतो ना, तो संघ.

या 'इतर' संघातून कोण खेळायचं? विजय हजारे. सांगलीचे, मराठी बोलणारे, धर्माने ख्रिश्चन. १९४३-४४ च्या फायनलमध्ये हिंदू संघाविरुद्ध त्यांनी ३०९ रन्स केल्या. संघाच्या एकूण रन्स किती? ३८७! भाऊ विवेक दुसऱ्या बाजूला उभा, दोघांची भागीदारी ३०० ची, त्यात विवेकच्या २१. सामना 'इतर' हरलेच. पुढे १९५२ साली भारताने मद्रासला पहिली कसोटी जिंकली तेव्हा कॅप्टन हेच 'इतर' होते. मला हा तपशील दर वेळी छळतो. ज्या माणसाने देशाला पहिला विजय मिळवून दिला, त्याला त्याच्या स्वतःच्या महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत नीट नावसुद्धा नव्हतं.

पंचरंगीला गर्दी तुफान होती, पैसा होता, दर्जाही होता. त्यापुढे प्रांतांची रणजी स्पर्धा फिकी वाटायची. तरी १९४० च्या डिसेंबरमध्ये गांधीजींनी धर्मावरून संघ पाडायला विरोध केला. कॉलेज-कॉलेजची मॅच समजू शकतो, धर्माधर्माची कशाला, असा त्यांचा साधा सवाल होता. त्यावर तेव्हाही हेच उत्तर मिळालं, खेळात राजकारण आणू नका! शेवटी १९४६ मध्ये स्पर्धा कायमची बंद झाली. तोवर बाहेर काय पेटलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. क्रिकेटमुळे फाळणी झाली असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं मूर्खपणाचं होईल. पण ज्या रेषेवर घर फाटलं तीच रेष आपण दरवर्षी मैदानावर हौसेने, चुन्याने आखत होतो, एवढं तरी कबूल करूया.

आणि जे १९४६ साली बंद केलं ते आज आपण वाडीवाडीत नव्याने सुरू करतोय. तेव्हा पाच रकाने होते, आता जेवढे समाज तेवढे. यालाच बहुतेक स्केलिंग म्हणतात :-)

आता समोरच्याची बाजू. तीही ऐकायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नाही.

एक म्हणजे, 'समाजाच्या लीगमुळे आमच्या पोरांना संधी मिळते.' हे खरं आहे. गावाच्या टीममध्ये अकरा जण खेळतात, इथे शंभर खेळतात. मुंबईतून चाकरमानी येतात, ओळखी होतात, नोकऱ्यांच्या गोष्टी निघतात. समाजाच्या वसतिगृहांनी, पतपेढ्यांनी कोकणातली कितीतरी पोरं उभी केली, हे मी नाकारत नाही. पण वसतिगृह ही गरज होती, कारण शहरात खोली मिळत नव्हती. क्रिकेटला कोणत्या गरजेने जात लागते? जास्त पोरांना खेळवायचं आहे ना, मग वाडीचे दोन संघ करा, वयाचे गट करा, चिठ्ठ्या टाका. शंभर पोरं विभागायचे शंभर मार्ग आहेत. आपण नेमका एकच निवडला.

दुसरा मुद्दा जास्त टोकदार आहे. 'तुझ्या त्या गावाच्या टीममध्ये तरी कुठे समानता होती?'

नव्हती. हाच तो माझ्या आठवणींचा उरलेला अर्धा भाग. आमचा विकेटकीपर बौद्धवाडीतला होता हे मी अभिमानाने सांगितलं. पण तो विकेटकीपर का होता? कारण ते काम कोणाला नको असायचं. तो आठव्या-नवव्या नंबरला बॅटिंगला यायचा. मॅच जिंकल्यावर ज्यांच्या ओटीवर सरबत मिळायचं त्या ओटीवर तो चढायचा नाही, अंगणात उभा राहायचा. त्याला कोणी 'चढू नकोस' म्हणालं असं मला आठवत नाही. 'ये' असंही कोणी म्हणालं नाही, मीसुद्धा नाही. बाळूच्या मातीच्या भांड्यावर मी वर एवढं तावातावाने लिहिलं, आणि हे दृश्य माझ्याच डोळ्यांसमोर घडायचं, १९०६ साली नव्हे, माझ्या शाळेच्या वयात.

मध्यंतरी त्याला फोन केला होता. हे बोललो. तो हसला. म्हणाला, "अरे, तुला आता दिसलं. मला तेव्हाच दिसत होतं. पण मला खेळायचं होतं ना!" पुढे म्हणाला, "आमच्या लीगमध्ये मी ओपनिंगला जातो आता."

यावर माझ्याकडे उत्तर नाही. जो माणूस वीस वर्षं आठव्या नंबरला उभा राहिला त्याने स्वतःची टीम काढली तर त्याला जातीयवादी म्हणायचा अधिकार मला नाही. त्याचा आणि माझ्या भावाचा, दोघांचे फॉर्म दिसायला सारखेच दिसतील, पण ते एक नाहीत. एक दार बंद मिळालं म्हणून काढलेली दुसरी वाट आहे, आणि दुसरं म्हणजे ज्यांच्यासाठी दार कायम सताड उघडं होतं त्यांनी आतून लावून घेतलेली कडी. मात्र एक नक्की. त्याला स्वतःची टीम काढावी लागली, कारण आमची टीम वाईट चालली. त्याचा उपाय आमची टीम सुधारणं हा आहे, मोडणं हा नाही. गावाची टीम निदान अशी जागा होती जिथे हा अन्याय दिसू तरी शकत होता. सगळे आपापल्या लीगमध्ये गेल्यावर अंगणात कोणी उभं राहायचाच प्रश्न नाही, कारण अंगणात कोणी येणारच नाही. बग सुटला नाही, फक्त लॉगमध्ये दिसायचा बंद झाला.

आता ती मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट.

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. संध्याकाळी शेतात पोरांची प्रॅक्टिस चालली होती. एक अनोळखी मुलगा बोलिंग टाकत होता. सडपातळ, सावळा, पायात स्लीपर, त्या काढून बांधावर ठेवलेल्या. काय यॉर्कर टाकत होता! आमच्या भावाची दांडी दोनदा उडवली. विचारलं तर कळलं, झारखंडचा आहे, ठेकेदाराकडे कामाला, सहा-सात जण मिळून भाड्याच्या खोलीत राहतात. शिफ्ट सुटली की येतो.

म्हटलं, "भारी आहे की! मग टीममध्ये घेतलात ना?"

"टीममध्ये कसा घेणार? तो कुठल्या समाजाचा? बोलिंग टाकतो, आमची प्रॅक्टिस होते. वडापाव देतो आम्ही त्याला."

बॅट दिली होती का कधी? मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं.

पुण्याचा क्लब, कॅप्टन ग्रेग, आठ आणे. सव्वाशे वर्षांनंतर जयगडच्या सड्याखाली, आठ आण्यांच्या जागी वडापाव. आणि साहेब कोण? आपण! ज्यांच्या आज्यापणज्यांनी मुंबईत गिरणीत खोराक्याची भाकरी खाल्ली, एका खोलीत वीस-वीस जण राहिले, ज्यांना 'घाटी' आणि 'कोकण्या' म्हणून हिणवलं गेलं, ते आपण. लालबाग-परळला गिरणगावात कबड्डी रुजली ती याच परक्या गावातून आलेल्या कामगारांनी. त्यांना तेव्हा कोणी दाखल्याची झेरॉक्स मागितली असती तर?

आणि अजून एक रकाना आहे, जो फॉर्ममध्ये छापायचीही गरज पडत नाही. मुलगी. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ रन्सनी हरवून वर्ल्ड कप जिंकला. उपकर्णधार स्मृती मंधाना, वाढलेली सांगलीत, हजारेंच्याच गावात. त्या रात्री आमच्या ग्रुपवर नुसते तिरंगे आणि फटाके. त्याच ग्रुपवर आठवड्याने माझ्या पुतणीचा विषय निघाला. तिला खेळायचं आहे, बॉल चांगला मारते. ठरलं काय, तर बक्षीस समारंभात तिने पाहुण्यांना नारळ द्यायचा. टीव्हीवरची मुलगी देशाची, घरातली मुलगी नारळाची.

तर मुद्दा काय? खेळात समाज येणारच. जात, पैसा, धर्म, स्थलांतर, सगळं येणार. ते येऊ नये असं म्हणणं म्हणजे कोकणात पाऊस येऊ नये म्हणण्यासारखं आहे. प्रश्न एवढाच, की पाणी कुठे वळवायचं हे कोण ठरवतं. आणि इथे तुम्ही-मी हात झटकू शकत नाही, कारण या लीगा चालतात कोणाच्या पैशावर? गावातल्या शेतकऱ्याच्या नाही. त्या चालतात पुण्या-मुंबईच्या, बंगळूरच्या पगारावर. आपण ऑफिसमध्ये 'डायव्हर्सिटी'च्या ट्रेनिंगला जाऊन सर्टिफिकेट घेतो, आणि संध्याकाळी चौथ्या रकान्यासाठी पंचवीस हजार पाठवतो. वर म्हणतो, आम्ही जातपात मानत नाही बुवा, ती गावाकडे असते. गावाकडे असते, कारण आपण ती दरवर्षी मनिऑर्डरने पाठवतो.

मी काय केलं ते सांगतो. त्यात शौर्य काहीच नाही. भावाला म्हटलं, पंचवीस नाही, चाळीस देतो. अटी तीन. संघ गावाचा, दाखला नको. नेटमध्ये जो बोलिंग टाकतो त्याचं नाव यादीत, आणि त्याला बॅटिंगही. आणि फायनलच्या आधी मुलींची सहा ओव्हरची मॅच, खरीखुरी, नारळाशिवाय.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, तुला पुण्यात बसून बोलायला काय जातं? मला इथे राहायचंय." आणि फोन ठेवला. संध्याकाळी काकांचा फोन. "दोन पैसे मिळायला लागले म्हणून भावकीला शिकवायला लागलास काय?" बाबा दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. टी-शर्टचे पैसे दुसऱ्या कोणी दिले, हेही आईकडून कळलं. म्हणजे लीग होणार. माझ्यावाचून काही अडलं नाही.

भाऊ म्हणाला त्यात तथ्य आहे. त्याला तिथे राहायचं आहे, रोज त्याच माणसांत उठायचं-बसायचं आहे. मला नाही. पण म्हणूनच हे माझ्यासारख्याने बोलायला हवं ना? ज्याला बोलण्याची किंमत कमी पडते त्याने नाही बोलायचं, मग कोणी बोलायचं? विठ्ठल आणि शिवराम यांनी १९२० साली संघ सोडला तेव्हा त्यांना किंमत पडली असेल. माझी किंमत काय, तर काकांचा एक फोन.

काल पुतणीचा मेसेज आला. 'काका, मला बॅट घेऊन देशील? लाकडाची, प्लास्टिकची नको.' चाळीस हजार तसेच आहेत. बॅट घेतो आहे, दोन घेतो आहे. एक तिची. दुसरी त्या झारखंडच्या मुलासाठी, तो अजून जयगडात असेल तर. मे महिन्यात गावी जाणार आहे. लीग ज्या दिवशी चालू असेल त्याच दिवशी खालच्या शेतात मॅच ठेवायचा विचार आहे. विकेटकीपरलाही फोन केलाय. ओपनिंगला ये म्हटलं. तो म्हणाला, बघतो.

मॅच होईल की मी आणि पुतणी दोघंच एकमेकांना बोलिंग टाकत बसू, माहीत नाही. बघू.

असो. फॉर्म तुमच्याकडेही येईल, मार्च-एप्रिलमध्ये सगळीकडे येतात. पैसे पाठवायच्या आधी एकदा उघडून वाचा. टी-शर्टच्या साइझच्या खालची ओळ.